नळदुर्गची भिंत, तेरची वीट आणि सास्तूरचें माळवद

पदार्थविज्ञानाचें पहिलें पुस्तक उघडलें कीं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं उदाहरणें येतात, आणि बहुतेक प्रत्येक उदाहरणाच्या आरंभीं एक लहानसा शब्द येतो. तो शब्द म्हणजे ‘समजा’. समजा, एका टांकींत वीस मीटर खोल पाणी आहे. समजा, दोरीला वजन नाहीं. समजा, घर्षण मुळींच होत नाहीं. विद्यार्थी या शब्दावर थांबत नाहीं. त्याचें लक्ष पुढच्या आंकड्यांकडे असतें. कोणते आंकडे दिले आहेत, कोणता काढावयाचा आहे आणि दोहोंस जोडणारें सूत्र कोणतें, या तीन गोष्टी जुळल्या म्हणजे त्याच्या मतें उदाहरण सुटलें. मग उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशीं ताडून पाहावें आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावें, असा हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

या क्रमानें परीक्षेंत गुण मिळतात, यांत शंका नाहीं. परंतु त्यानें शास्त्र हातीं लागतें काय, हा प्रश्न वेगळा आहे. सृष्टींत कोणतीहि घटना एकटी घडत नाहीं. एक दगड वरून खालीं पडतो, तेव्हां पृथ्वीचें आकर्षण, हवेचा विरोध, वारा, दगडाचा आकार आणि त्याचें फिरणें हीं सर्व एकाच वेळीं आपापलें काम करीत असतात. शास्त्रज्ञ त्यांपैकीं एकदोन गोष्टी हातीं घेतो आणि बाकीच्या जाणूनबुजून बाजूस ठेवतो. ‘समजा’ या शब्दाचा अर्थ एवढाच. काय हातीं घेतलें हें सूत्रांत दिसतें. काय बाजूस ठेवलें हें सूत्रांत दिसत नाहीं, तें ध्यानांत ठेवावें लागतें. सूत्र ज्याला पाठ आहे तो उदाहरण सोडवूं शकतो. बाजूस ठेवलेल्या गोष्टी ज्याला पाठ आहेत, त्यालाच शास्त्र म्हणजे काय हें कळूं लागतें.

ही गोष्ट समजण्यासाठीं मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाहीं. ज्या जिल्ह्याचें नांव पुष्कळ वर्षें उस्मानाबाद होतें आणि २०२३ सालीं सरकारी दप्तरांत पुन्हां धाराशिव झालें, त्या एका जिल्ह्यांत पदार्थविज्ञानाचीं तीन उदाहरणें दगड, वीट आणि माती यांच्या रूपानें पडून आहेत. पहिलें नळदुर्गास, दुसरें तेरला आणि तिसरें सास्तूरला. पहिल्या दोहोंनीं माणसाचें कौतुक वाटतें. तिसऱ्यानें मान खालीं जाते.

नळदुर्गचा किल्ला तुळजापूर तालुक्यांत बोरी नदीच्या कांठीं आहे. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या कारकीर्दींत, इ. स. १६१३ मध्यें, मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ यांच्या दरम्यान बोरी नदीच्या पात्रांत दगडी धरण बांधून नदी अडविण्यांत आली. या धरणाच्या पोटांत खोल्या आहेत. त्यांस पाणीमहाल म्हणतात. पाणी वाहून जाण्यासाठीं धरणावर दोन वाटा ठेविल्या आहेत आणि लोकांनीं त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ अशीं नांवें दिलीं आहेत. पावसाळ्यांत तळें भरून वाहूं लागलें म्हणजे या वाटांनीं पाण्याचे मोठे लोट खालीं कोसळतात आणि तें पाहण्यासाठीं दुरून लोक येतात. चारशें वर्षांहून अधिक काळ हें धरण नदीचा भार अंगावर घेऊन उभें आहे.

आतां या धरणासमोर उभें राहून एक प्रश्न विचारावा. त्याच्या मागचें तळें आहे त्याच्या दसपट लांब असतें, पाणी मागें कोसच्या कोस पसरलें असतें, पण खोली तेवढीच राहिली असती, तर भिंत अधिक जाड बांधावी लागली असती काय? शंभर माणसांना विचारलें तर बहुतेक जण ‘होय’ म्हणतील. दसपट पाणी म्हणजे दसपट रेटा, हें मनाला सहज पटतें. परंतु तें खरें नव्हे. स्थिर पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, सांठ्यावर नव्हे. सायमन स्टेव्हिन या डच गणितज्ञानें १५८६ सालीं हें पुस्तकरूपानें मांडलें. म्हणजे नळदुर्गचें धरण उभें राहण्याच्या सत्तावीस वर्षें आधीं. नळदुर्गच्या पाथरवटांपर्यंत तें पुस्तक पोहोंचण्याचा संभव नव्हता, आणि पोहोंचलें असतें तरी त्यांचें कांहीं अडलें नसतें. भिंत किती जाड असावी हें त्यांच्या हातांना ठाऊक होतें.

शाळेंतला विद्यार्थी मात्र हाताऐवजीं कागद घेतो आणि म्हणतो, समजा पाणी वीस मीटर खोल आहे. एक घनमीटर पाण्याचें वजन एक टन. तेव्हां तळाशीं दर चौरस मीटरवर वीस टन दाब, पृष्ठभागीं शून्य, आणि सरासरी दहा टन. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकंदर रेटा वीस गुणिलें दहा, म्हणजे दोनशें टन. हा रेटा तळापासून एकतृतीयांश उंचीवर, म्हणजे सुमारे पावणेसात मीटरवर लागू होतो असें धरतां येतें. भिंत खालच्या कडेवर उलथून पाडण्याकडे त्याचा कल असतो. दोनशें टनांना उंचीनें गुणिलें म्हणजे उलथविणाऱ्या जोराचें माप सुमारे १३३३ येतें. भिंतीचें स्वतःचें वजन या उलथण्याला विरोध करतें. दगडी बांधकामाचें वजन दर घनमीटरला २.४ टन धरावें. भिंत सहा मीटर जाड असेल तर प्रत्येक मीटर लांबीचें वजन २८८ टन आणि विरोधाचें माप २८८ गुणिलें ३, म्हणजे ८६४. ही भिंत पडेल. आठ मीटर जाड असेल तर वजन ३८४ टन आणि माप १५३६. ही भिंत उभी राहील. उदाहरण सुटलें.

परंतु येथेंच पेन खालीं ठेवणारा विद्यार्थी आणि क्षणभर थांबणारा विद्यार्थी यांतला फरक दिसतो. थांबणारा विचारतो: यांत काय बाजूस ठेवलें? भिंतीच्या पायाखालीं पाणी झिरपत नाहीं, हें न बोलतां गृहीत धरलें आहे. प्रत्यक्षांत पाणी फटींतून पायाखालीं शिरतें आणि भिंतीला खालून वर उचलूं पाहतें. पाण्याच्या बाजूला हा दाब पूर्ण वीस टन आणि दुसऱ्या बाजूला शून्य धरला, तर आठ मीटर जाडीच्या भिंतीखालीं मीटर लांबीमागें ऐंशीं टनांचा उचल येतो. त्याचें उलथविण्याचें माप सुमारे ४२७ होतें. तें १३३३ मध्यें मिळविलें म्हणजे बेरीज १७६० होते, आणि ती १५३६ हून अधिक आहे. जी भिंत कागदावर उभी होती ती आतां कागदावरच पडली. हिशेब दोन्ही वेळां बरोबर होता. बदललें तें ‘समजा’ मागचें वाक्य.

ही निव्वळ शाळेंतली करमणूक नव्हे. फ्रान्समध्यें बूझे येथें असलेलें दगडी धरण १८९५ सालच्या एप्रिल महिन्यांत फुटलें आणि ऐंशींहून अधिक माणसें बुडून मेलीं. त्या धरणाच्या आंखणींत या उचलाचा विचार झालेला नव्हता. त्या अपघातानंतर मोठ्या धरणांच्या हिशेबांत पायाखालचा आणि दगडांच्या सांध्यांतला पाण्याचा दाब धरण्याची पद्धति रूढ होत गेली. बूझेच्या स्थापत्यशास्त्रज्ञांना गणित येत नव्हतें असें नाहीं. जें त्यांनीं बाजूस ठेविलें होतें तें बाजूस ठेवण्याजोगें नव्हतें, एवढेंच.

मग नळदुर्गच्या पाथरवटांचें ज्ञान आणि विद्यार्थ्याचा हिशेब यांत श्रेष्ठ कोणतें? हा प्रश्न असा विचारणें योग्य नव्हे. पाथरवटाच्या हातांतलें ज्ञान पूर्ण होतें, कारण त्यांत झिरपणें, चुना, दगडाची जात हें सर्व नकळत सामावलेलें होतें. पण तें मुकें होतें. जी भिंत पूर्वी कोणी बांधली नाहीं तिच्याविषयीं त्याला कांहीं सांगतां येत नसे, आणि भिंत पडली तर नेमकें काय चुकलें हें दाखवितां येत नसे. हिशेब अपुरा असतो, पण तो बोलका असतो. आपण काय धरलें आणि काय सोडलें हें तो स्वतःच सांगतो, म्हणून त्याची चूक बोट ठेवून दाखवितां येते.

नळदुर्गचें धरण पुरें झालें त्याच्या आदल्याच वर्षीं, १६१२ मध्यें, इटलींत गॅलिलिओनें पाण्यांत तरंगणाऱ्या वस्तूंवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या पुस्तकाचा विषय धाराशिव जिल्ह्यांत फार जुन्या काळापासून विटांच्या रूपानें उपस्थित आहे. त्यासाठीं बोरी नदी सोडून तेरणेच्या कांठीं, तेर या गांवीं जावें लागतें.

तेर हें आज लहानसें गांव असलें तरी एके काळीं त्याचा लौकिक समुद्रापलीकडे गेला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशी-वाणी पुस्तकांत भडोच बंदराला माल पाठविणाऱ्या दक्षिणेंतील दोन शहरांचीं नांवें आहेत, एक पैठण आणि दुसरें तगर. तगर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें त्यांत म्हटलें आहे. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट या संशोधकानें १९०१ सालीं दाखवून दिलें, आणि पुढें पुराणवस्तु खात्याच्या हेन्री कझेन्स यांनीं गांवांतील जुन्या वास्तूंची पाहणी केली. तेथील त्रिविक्रमाचें मंदिर विटांचें आहे आणि त्याची मागची बाजू बौद्ध चैत्यगृहासारखी गोलाकार आहे. तेरच्या जुन्या बांधकामांतील विटांविषयीं एक गोष्ट प्रसिद्ध आहे: त्या इतक्या हलक्या आहेत कीं पाण्यांत टाकल्या तर तरंगतात.

वीट तरंगते हें ऐकून कोणी चमत्कार म्हणेल, कोणी थाप म्हणेल. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यानें दोन्ही म्हणूं नये. त्यानें उदाहरण मांडावें. समजा, भाजलेल्या मातीच्या भरीव भागाचें वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या २.६ पट आहे. वीट तरंगावयाची तर सबंध विटेचें वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याहून कमी पाहिजे. तेव्हां विटेच्या शंभर भागांत भरीव माती एकोणचाळीस भागांहून कमी आणि पोकळी एकसष्ट भागांहून अधिक असली पाहिजे. म्हणजे तरंगणारी वीट ही बहुतांशीं हवेची वीट असते. अशी वीट करतां येते काय? येते. मातींत भाताचें तूस किंवा भुसा मिसळून वीट पाडली आणि भाजली, तर तूस जळून जातें आणि त्याच्या जागीं बारीक छिद्रें उरतात. चमत्कार संपला, आणि कारागिराविषयीं आदर मात्र वाढला.

पण येथेंहि ‘समजा’ मागें कांहीं दडलेलें आहे. विटेंतील छिद्रांत पाणी शिरत नाहीं असें धरलें आहे. छिद्रें एकमेकांस जोडलेलीं असतील तर पाणी हळूहळू आंत शिरेल, हवेचे बुडबुडे निघतील आणि वीट कांहीं वेळानें बुडेल. छिद्रें बंद असतील तर ती तरंगतच राहील. कोणत्या विटेचें काय होईल हें पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलें नसतें. तें घंगाळांत पाहावें लागतें. त्यासाठीं प्राचीन वास्तूच्या विटेला हात लावण्याचेंहि कारण नाहीं. कोणत्याहि वीटभट्टीवर तूस घालून केलेली वीट आणि साधी वीट अशा दोन विटा आणून, त्यांचें वजन आणि आकारमान मोजून, आधीं भाकीत लिहावें आणि मग पाण्यांत टाकावी. भाकीत आधीं लिहिणें महत्त्वाचें. मागाहून प्रत्येकालाच सर्व ठाऊक असतें.

गॅलिलिओचा वाद याच स्वरूपाचा होता. बर्फ पाण्यावर कां तरंगतें, यावर १६११ सालीं फ्लॉरेन्समध्यें चर्चा निघाली. अ‍ॅरिस्टॉटलचे अनुयायी म्हणत कीं बर्फाचा तुकडा पसरट असल्यामुळें तो पाणी कापून खालीं जाऊं शकत नाहीं. गॅलिलिओ म्हणे, आकाराचा संबंध नाहीं. बर्फ पाण्याहून हलकें आहे म्हणून तरंगतें. आर्किमिडीजचा सिद्धांत त्याच्या बाजूला होता. तेव्हां प्रतिपक्षानें शिसवीसारख्या जड काळ्या लांकडाचा गोळा आणि त्याच लांकडाची पातळ चकती आणली. गोळा बुडाला, चकती तरंगली. लांकूड तेंच, वजनाचें प्रमाण तेंच, आकार मात्र वेगळा. गॅलिलिओनें पाहिलें कीं चकतीच्या भोंवतीं पाण्याचा पृष्ठभाग किंचित् खालीं दबलेला असतो आणि चकती पाण्याच्या पातळीहून खालीं असते. पाण्यांत पुरती भिजवून सोडली तर ती बुडते. त्याचें निरीक्षण अचूक होतें, पण पृष्ठभागाच्या ताणाचा पुरा उलगडा होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. मुख्य मुद्द्यांत गॅलिलिओ बरोबर होता आणि त्याचे विरोधक चुकले होते. तरीहि विरोधकांच्या चकतीनें त्याच्या ‘समजा’ मधील एक उणीव उघडी केली, आणि ती चकती शास्त्रानें फेंकून दिली नाहीं. गैरसोयीचा पुरावा जपून ठेवणें हा शास्त्राचा स्वभाव आहे.

तेरला आणखी एक परंपरा आहे. संत गोरोबा काका कुंभार याच गांवचे. संतमेळ्यांतील प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणें मारून त्यांनीं कोणतें मडकें पक्कें आणि कोणतें कच्चें हें पाहिलें, आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरलें, अशी कथा महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. कथेचा आध्यात्मिक अर्थ वेगळा. पण ती सुचली कुंभाराच्या कामावरून. मडकें दिसावयास पक्कें दिसतें यावर कुंभार विश्वासत नाहीं, तो वाजवून पाहतो. शिवाय कच्चें ठरलेले नामदेव पुढें गुरूकडे जाऊन पक्के झाले, हा कथेचा उत्तरार्ध विसरतां कामा नये. कच्चें ठरणें हा शेवट नसतो.

तेरणा नदी तेरहून पुढें जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागांत जाते. तेव्हांच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूर हें गांव आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यांतील किल्लारी हीं त्याच टापूंतलीं. १९९३ सालच्या सप्टेंबरच्या २९ तारखेला अनंतचतुर्दशी होती. गणपतींचें विसर्जन करून लोक रात्रीं उशिरां झोंपले. पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, ३० तारखेस, भूकंप झाला. त्याची तीव्रता ६ हून थोडी अधिक होती. जगांत अशा तीव्रतेचे भूकंप दर वर्षीं पुष्कळ होतात आणि त्यांतल्या कित्येकांत फारशी प्राणहानि होत नाहीं. येथें मात्र सुमारे ८ हजार माणसें मेलीं. ५२ गांवें भुईसपाट झालीं. सास्तूर त्यांतलेंच एक.

माणसें भूकंपानें मेलीं असें म्हणण्याचा प्रघात आहे. खरें पाहतां तीं घरांखालीं मेलीं. त्या भागांतलीं जुनीं घरें माळवदाचीं होतीं. दोनतीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड मातींत बसविलेले, भिंतीचे आंतला आणि बाहेरचा असे दोन थर आणि मध्यें भरताड. वर लांकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. मराठवाड्याच्या उन्हांत हें घर थंड राहतें. दगड आणि माती गांवांतच मिळतात. कित्येक पिढ्यांच्या अनुभवानें हें घर घडलें होतें आणि ज्या गोष्टी त्या अनुभवांत आल्या होत्या त्यांपुरतें तें शहाणपणाचें होतें.

आतां तिसरें उदाहरण. समजा, खोली चार मीटर रुंद आणि पांच मीटर लांब आहे आणि माळवदाचा थर अर्धा मीटर जाड आहे. म्हणजे माती दहा घनमीटर. घनमीटरला १.६ टन धरले तर डोक्यावरचें ओझें सोळा टन. समजा, जमीन आडव्या दिशेनें गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या एकपंचमांश इतक्या त्वरणानें हलली. न्यूटनच्या नियमाप्रमाणें, वस्तुमान गुणिलें त्वरण, माळवदाला जमिनीबरोबर हलविण्यास ३.२ टनांचा आडवा जोर लागेल. हा जोर भिंतींनीं पुरवावयाचा. मातींत बसविलेला दगड वरून कितीहि भार सोसतो, पण आडव्या जोराला तो जागा सोडतो. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटतात, तुळई निसटते आणि सोळा टन माती खालीं येते. हेंच माळवद वीस सेंटिमीटरचें असतें तर ओझें ६.४ टन आणि आडवा जोर सव्वा टनाच्या आसपास. पत्र्याचें हलकें छप्पर असतें तर तो आणखी कितीतरी कमी.

हा हिशेब चार ओळींचा आहे. त्यांतला नियम न्यूटननें १६८७ सालीं छापला. धांवती मोटार एकाएकीं थांबली तर उतारू पुढें कां फेंकला जातो, हा जडत्वाचा प्रश्न शाळांतून वर्षानुवर्षें विचारला जातो आणि त्याचें उत्तर मुलांना येतें. त्या पहांटे जे मातीखालीं गेले त्यांतहि तें उत्तर बरोबर लिहिलेलीं मुलें असतील. मोटारीच्या जागीं घर आणि उताऱ्याच्या जागीं माळवद ठेवून तोच प्रश्न कोणी विचारला नव्हता. ज्ञान नव्हतें असें नाहीं. तें पुस्तकांत होतें आणि घर गांवांत होतें.

याचा सर्व दोष गांवकऱ्यांवर किंवा शिक्षकांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं, कारण त्यांच्याहून मोठ्या ठिकाणींहि हीच गोष्ट घडली होती. भारतांतील भूकंपाच्या धोक्याचा जो अधिकृत नकाशा १९८४ सालापासून चालू होता, त्यांत हा प्रदेश पहिल्या विभागांत, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या भागांत, दाखविला होता. दख्खनचें पठार हें जुनें, कठीण आणि स्थिर, अशी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानें तिला एक धक्का दिला होता आणि १९७० मध्यें नकाशा बदलला होता. परंतु किल्लारीकडे कोणाचें लक्ष जाण्याचें कारण पडलें नाहीं. १९९२ च्या उत्तरार्धांत तेथें बारीक धक्के जाणवूं लागले, लोक घाबरले, पुढें धक्के मंदावले आणि भीतीहि मंदावली. नकाशा मुख्यतः पूर्वी झालेल्या भूकंपांच्या नोंदींवर आधारलेला होता. म्हणजे सास्तूरचा गवंडी आणि दिल्लीचा नकाशाकार, दोघेहि एकाच गोष्टीवर विसंबून होते: येथें मोठा भूकंप झाल्याचें कोणाच्या आठवणींत नाहीं. दोघांनींहि एकच ‘समजा’ धरलें होतें, आणि तें दोघांनाहि दिसत नव्हतें.

मग शास्त्राचें वैशिष्ट्य तें काय उरलें? तें त्यानंतरच्या वर्षांत दिसतें. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें किल्लारीला ६१७ मीटर खोल भोंक पाडलें. वरचा काळा पाषाण सुमारे ३३८ मीटर जाडीचा आढळला आणि त्याखालीं फार जुन्या खडकांचा थर लागला. भूकंप कां झाला यावर निरनिराळीं मतें मांडलीं गेलीं. माकणीच्या धरणाचा त्याच्याशीं कितपत संबंध, यावरहि शास्त्रज्ञांत वाद झाला. २००२ सालीं नकाशा पुन्हां सुधारला, पहिला विभाग अजिबात काढून टाकण्यांत आला आणि किल्लारीचा टापू तिसऱ्या विभागांत घातला गेला. देशांतला कोणताहि भाग भूकंपापासून पूर्णपणें सुरक्षित मानावयाचा नाहीं, असा त्या बदलाचा अर्थ होता. ८ हजार माणसें मेल्यावर रंग बदललेल्या नकाशाचा काय उपयोग, असें कोणी म्हणेल, आणि त्या प्रश्नांतील दुःख खरें आहे. परंतु नकाशांत गृहीत काय धरलें हें लिहिलेलें होतें, म्हणून तो दुरुस्त करतां आला. जें लिहिलेलें नसतें तें दुरुस्तहि होत नाहीं.

घरांच्या बाबतींतहि असेंच झालें. पडलेलीं गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. जीं घरें उभीं राहिलीं होतीं त्यांच्या मजबुतीसाठीं जे उपाय सांगण्यांत आले ते पाहिले म्हणजे त्या चार ओळींच्या हिशेबाची आठवण होते. माळवदावरची माती कमी करावी. येथें वस्तुमान कमी होतें. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावे. येथें दोन थर बांधले जातात. घराच्या चारी भिंतींना सलग पट्टा घालावा. येथें आडवा जोर एका भिंतीवर न पडतां चौघींत वांटला जातो. यांतला एकहि उपाय खर्चाचा डोंगर नव्हे.

या तीन उदाहरणांवरून शिकविणाऱ्यानें आणि शिकणाऱ्यानें एक साधा नियम घालून घ्यावा. उदाहरण सुटलें कीं उत्तराखालीं आणखी तीन ओळी लिहाव्या. पहिली, मीं काय गृहीत धरलें. दुसरी, मीं काय सोडून दिलें. तिसरी, माझें उत्तर चुकीचें असेल तर तें मला कशावरून कळेल. या तीन ओळींना परीक्षेंत गुण नसतील. तरी नळदुर्गच्या पाण्यानें, तेरच्या विटेनें आणि सास्तूरच्या मातीनें जें विचारलें तें याच तीन ओळींत आहे. पहिल्या प्रयत्नांत त्या ओळी कच्च्या निघतील. त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं. थापटण्यानें वाजवून पाहिल्याखेरीज कोणतेंच मडकें पक्कें ठरत नाहीं. आणि संध्याकाळीं घरीं आल्यावर विद्यार्थ्यानें एकदां मान वर करून आपल्या डोक्यावरच्या छपराकडे पाहावें आणि तेंच उदाहरण पुन्हां मांडावें.